दक्षिणेच्या पाषाणभित्ती

(सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेतील एका भाषणाचा मजकूर)



काळा पाषाण आपणां मराठी माणसांना नवा नाही. सह्याद्रीचे कडे ज्या बेसाल्टाचे, तो सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वीचा लाव्हा होय. परंतु आज आपण ज्या बंगळूर नगरीत जमलो आहोत, तिच्या आसमंतातील काळ्या पाषाणापुढे सह्याद्री कालचे पोर ठरावा.

येथील मूळ भूमी फिकट पट्टिताश्मांची. लालबागेतील टेकडी हा त्यांचाच नमुना. या खडकांना छेदत डोलेराइटच्या काळ्या रांगा बंगळूरपासून अनंतपूरकडे पसरल्या आहेत. भूविज्ञान त्यांना भित्ती किंवा डाइक म्हणते. भूकवचाला ताण बसून तडे गेले, प्रावरणातून आलेला शिलारस त्यांत शिरला आणि तेथेच थिजला. वर लाव्हा पसरला असेल, तर तो केव्हाच झिजून गेला. त्याच्या वाटा तेवढ्या उरल्या.

त्यांचे वय सांगितले ते बॅडेलिआइट नावाच्या सूक्ष्म खनिजाने. घडताना ते युरेनियम स्वीकारते, शिसे जवळजवळ नाकारते. पुढे त्या युरेनियमचे शिसे होत जाते. या प्रमाणावरून काही भित्तींचे वय सुमारे २३७ कोटी वर्षे असल्याचे २००७ साली प्रसिद्ध झाले. पुढे सुमारे २२१, २१८ व १८८ कोटी वर्षांपूर्वीच्या भित्तीही निश्चित झाल्या. म्हणजे ही भूमी एकदा नव्हे, वारंवार फाटली.

वय कळले, पण कूळ? ते रसायनशास्त्राला विचारावे लागते. शिलारस वर येताना ऑलिव्हिनचे स्फटिक मागे टाकतो. त्यांच्याबरोबर मॅग्नेशियम व निकेल घटतात. वाटेतील ग्रॅनाइटी खडक त्याने विरघळवून घेतला, तर सिलिका व थोरियम वाढतात आणि त्या मानाने नायोबियम उणे पडते. मात्र येथे घाईने निर्णय देता येत नाही. प्रावरणावरच पूर्वी अशा द्रव्यांचा संस्कार झालेला असेल, तर हीच खूण उगमापासून येते. म्हणून अनेक भित्ती ताडून पाहतात. सिलिकेबरोबर ही खूणही गडद होत गेली, तर संशय वाटेवर. विपुल मॅग्नेशियमच्या, फारशा न बदललेल्या खडकातही ती तितकीच असेल, तर संशय उगमावर. खोलातून उसळलेल्या उष्ण प्रवाहाने हे सारे घडले काय, या वादात तर भित्तींची दिशा, वय व चुंबकत्व यांचीही साक्ष काढावी लागते.

आणि ही साक्षच आज विकली जात आहे. या भागातून 'काळा ग्रॅनाइट' म्हणून जो दगड बाजारात जातो, त्यातील पुष्कळसा वस्तुतः डोलेराइट असतो. घोटलेल्या फरशीचे रासायनिक पृथक्करण अजूनही करता येईल. पण ती भित्तीच्या कडेची की गाभ्याची, कोणती भित्ती कोणत्या भित्तीला छेदून गेली, हे फरशी सांगत नाही. शिवाय कडेला झटकन थिजलेला बारीक कणांचा थर आत शिरलेल्या शिलारसाची सर्वांत जवळची ओळख देतो.

खाणी बंद कराव्यात, असे माझे म्हणणे नाही. त्यांवर कुटुंबे पोसली जातात, आणि अभ्यासकाला ताजा खडकही त्यांच्यामुळेच लाभतो. परंतु दगड उचलण्यापूर्वी भित्तीची रुंदी व दिशा नोंदवावी, कडेपासून मध्यापर्यंत नमुने घ्यावेत आणि एखादा आडवा छेद राखून ठेवावा. लालबागेच्या खडकाला राष्ट्रीय भूवैज्ञानिक स्मारकाचा मान लाभला. त्याच खडकाला छेदणाऱ्या एखाद्या भित्तीलाही तो लाभावा, एवढी अपेक्षा व्यक्त करून आपली रजा घेतो.