आतड्याची गोळी आणि अँटिबायोटिक



अल्सरेटिव्ह कोलायटिस, म्हणजे मोठ्या आतड्याला सूज येण्याचा आजार झालेल्या अनेकांच्या घरात सल्फासलाझिन नावाची पिवळसर-नारिंगी गोळी असते. ती घेतल्यावर लघवी नारिंगी होते, म्हणून माणसं घाबरतात. त्यात घाबरण्यासारखं काही नाही. स्वीडनमधल्या डॉक्टर नाना स्वार्ट्झ यांच्या प्रयत्नांतून १९४० च्या सुमारास हे औषध पुढं आलं, तेही मुळात संधिवातासाठी.

या गोळीत दोन औषधं एकमेकांना जोडलेली असतात. एक सल्फा गटातलं, दुसरं आतड्याची सूज उतरवणारं मेसालामिन. ही जोडी मोठ्या आतड्यापर्यंत बरीचशी जशीच्या तशी पोचते आणि तिथले जिवाणू तिची फोड करतात. ती झाल्याशिवाय मेसालामिन मोकळं होत नाही. आता दात दुखला, घसा धरला, म्हणून वर अँटिबायोटिक सुरू केलं, तर नको त्या जंतूंबरोबर हे कामाचे जिवाणूही मरतात. अँपिसिलिन दिल्यावर सल्फासलाझिनची फोड कमी होते, हे प्रत्यक्ष तपासलेलं आहे. तेवढ्यानं प्रत्येकाचा आजार उसळेल असं नाही. मनानं गोळी मात्र बंद करू नका. नुसत्या मेसालामिनच्या गोळीला जिवाणूंची अशी गरज लागत नाही. म्हणूनच आपली गोळी नेमकी कोणती, हे रुग्णाला ठाऊक असायलाच हवं.

अधिक काळजी वाटते ती कोलायटिसची इतर औषधं आणि अँटिबायोटिक यांच्या काही जोड्यांची. अझाथायोप्रिन चालू असताना को-ट्रायमॉक्साझोल घेतलं, तर रक्तातल्या पांढऱ्या पेशी घटू शकतात. प्रेडनिसोलोनसारख्या स्टेरॉइडबरोबर सिप्रोफ्लॉक्सासिन घेताना टाचेमागची शीर दुखू लागली, तर चालणं थांबवून लगेच डॉक्टरांना कळवा. ती तुटू शकते, विशेषतः साठीनंतर. आपल्याकडे क्षयरोग पुष्कळ. त्यावरचं रिफॅम्पिसिन प्रेडनिसोलोनचा असर कमी करतं, त्यामुळे डोस पुन्हा बघावा लागतो. रक्त कमी म्हणून लोहाची गोळी चालू असेल, तर ती सिप्रोफ्लॉक्सासिनबरोबर घेऊ नका. ते पोटातच लोहाला बांधलं जातं आणि रक्तात पुरेसं पोचत नाही.

आणि एक कळकळीची विनंती. जुलाब वाढले, रक्त पडू लागलं, की मेडिकलमधून ओफ्लॉक्सासिन-ऑर्निडाझोलची पट्टी आणून घेण्याची आपल्याकडे फार सवय आहे. ती सोडा. तो जंतुसंसर्ग आहे की कोलायटिसच उसळला आहे, हे शौचाच्या तपासणीशिवाय अंदाजानं ठरवता येत नाही. उलट अँटिबायोटिकनंतर क्लॉस्ट्रिडियम डिफिसिल हा जंतू आतड्यात फोफावू शकतो. त्याचे जुलाब हुबेहूब कोलायटिससारखे दिसतात, पण उपचार वेगळा असतो.

दाताच्या डॉक्टरांकडे जा, नाहीतर कानाच्या. चालू औषधांच्या सगळ्या पट्ट्या पिशवीत घालून न्या, आणि त्यांनी विचारलं नाही तरी टेबलावर ठेवा.