बॅनरखालचा हिशोब



गटाची बैठक संपायच्या आधी सचिवताई हिशोबाची वही वाचून दाखवतात. दहा रुपयांचा फरक आला तरी कुणीतरी विचारतंच, "ताई, हे दहा कुठं गेले?" त्याचा कुणाला राग येत नाही. पंचसूत्रीतलं पाचवं सूत्रच आहे ते, हिशोब नियमित लिहायचा. हीच सवय गटाबाहेर कशी वापरायची, ते आज बोलूया.

मागच्या वर्षी आमच्या गटांचा तालुक्याला मेळावा झाला. प्रायोजक एक सरकारी कार्यालय होतं. मंडप मोठा, बॅनर त्याहून मोठा. त्यावर कार्यालयाचं नाव ठळक आणि गटांची नावं खाली बारीक. आम्ही सकाळी दहालाच पापड, शेवया, मसाले, गोधड्या घेऊन पोचलो. टेबलं नव्हती, म्हणून जमिनीवर चादरी अंथरल्या. भाषणं दीडपर्यंत चालली. मग जेवण झालं आणि गर्दी पांगली. आम्हाला प्रत्येकी एक सन्मानचिन्ह मिळालं, आणि निम्म्याहून जास्त माल परत टेम्पोत भरला.

टेम्पोत एकीनं विचारलं, "एवढ्या सगळ्याचे पैसे कुणी दिले?"

आम्ही म्हणालो, "सरकारनं."

ती म्हणाली, "म्हणजे आपणच की!"

खरंच आहे. साबण, चहा पावडर, मोबाइलचं रिचार्ज, सगळ्यावर आपण कर भरतो. त्यातूनच सरकारी खाती आणि महामंडळं क्रीडा मंडळांना, संघटनांच्या अधिवेशनांना, महोत्सवांना, मोठ्या हॉटेलातल्या परिषदांना पैसे देतात. मग बॅनरवर कंपन्यांच्या रांगेत सरकारी खात्याचंही नाव झळकतं.

यात सगळंच वाईट असतं असं नाही. ओडिशा सरकारनं २०१८ साली भारताच्या हॉकी संघांचं प्रायोजकत्व घेतलं, पुरुषांचं आणि महिलांचंही. खेळाडूंच्या अंगावर ओडिशाचं नाव आलं. २०२१ मध्ये टोकियोला पुरुष संघानं ४१ वर्षांनी ऑलिंपिक पदक आणलं आणि आपल्या मुली पहिल्यांदाच उपांत्य फेरीत पोचल्या. यश खेळाडूंच्या घामाचं, पण पाठीशी पैसा होता, तोही वर्षानुवर्षं. त्या खर्चाचाही हिशोब विचारता येतोच. पण पैसे कशासाठी दिले, हे तिथं लोकांना दिसतं तरी.

कंपनी प्रायोजक होते, कारण तिला साबण विकायचा असतो. सरकारी कार्यालयाला काय विकायचंय? म्हणून सरकारी नाव बॅनरवर दिसलं की तीन प्रश्न विचारावेत. पैसे कोणत्या योजनेतून आले? याच संस्थेला द्यायचे, हे कुणी आणि कशावरून ठरवलं? आणि मंडप उतरल्यावर मागं काय उरलं?

हे विचारायला माहितीचा अधिकार आहे, २००५ चा कायदा. अर्जाला १० रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावायचा. दारिद्र्यरेषेखालच्या बाईला तोही लागत नाही, फक्त दाखला जोडायचा. आपल्या राज्यात एका अर्जात एकच विषय आणि तो १५० शब्दांत मांडायचा. माहिती कशाला हवी, याचं कारण द्यावं लागत नाही. उत्तर ३० दिवसांत यायला हवं. नाही आलं, तर त्याच कार्यालयातल्या वरिष्ठ अधिकाऱ्याकडे अपील करता येतं.

सांगायला सोपं आहे, पण आमच्या ग्रामसंघात यावर दोन बैठका गेल्या. एक ताई म्हणाली, "ज्यांनी जेवू घातलं, त्यांनाच हिशोब विचारायचा?" दुसरी म्हणाली, "पुढच्या वर्षी बोलावणार नाहीत. आणि आपल्या तीन गटांची प्रकरणं त्याच कार्यालयात पडून आहेत." ही भीती खोटी नव्हती. त्यात अर्ज गटाच्या नावानं नाही, नागरिक म्हणून एकीच्या नावानं करायचा. शेवटी एकीनं सही केली आणि द्यायला आम्ही नऊ जणी गेलो. पोच घेतल्याशिवाय हललो नाही.

उत्तर महिन्याच्या आत आलं. तीन पानं, पानाला दोन याप्रमाणे सहा रुपये भरले. मंडप, ध्वनिक्षेपक, छपाई, सन्मानचिन्हं, हार-गुच्छ, भोजन, सगळ्याची बिलं होती. पैसे कुणी खाल्ले, असं आम्हाला त्यात दिसलं नाही. पण तीन पानं खालीवर वाचली, तरी विक्रीच्या टेबलांसाठी एक ओळ सापडली नाही. मेळावा आमच्या मालासाठी होता, आणि खर्चात आमचा मालच नव्हता. बिलं बरोबर असली म्हणजे खर्च बरोबर होतोच असं नाही, हे आम्ही त्या दिवशी शिकलो.

मग आम्ही त्या कार्यालयाला एका पानाचं पत्र दिलं. सन्मानचिन्हं नकोत, टेबलं द्या. विक्री सकाळी दहाला सुरू करा. भाषणं अर्ध्या तासात आटपा. साहेबांनी पत्र वाचलं आणि "बघू" म्हणाले. आमची तीन प्रकरणं त्यामुळं लवकर झाली नाहीत, आणि अडलीही नाहीत. पुढच्या मेळाव्याची तारीख अजून ठरायची आहे.

तुम्ही सुरुवात घराजवळून करा. ग्रामपंचायतीनं आपल्या उत्पन्नातले १० टक्के महिला आणि बालकल्याणावर खर्च करायचे असतात. ग्रामसभेआधी महिलांची सभा होते, तिथं विचारा, त्यातले मंडप आणि माइकवर किती गेले, आणि बायका-मुलांच्या हातात काय पडलं? एकटीनं विचारू नका. चौघी मिळून जा, शेजारी शेजारी बसा आणि उत्तर वहीत लिहून घ्या.

आपल्याला सवय आहेच. गटात रोज विचारतो तेच विचारायचं, "ताई, हे दहा कुठं गेले?"