पाच मुक्या कळा

नागपूरच्या मे महिन्यात माळ्यावरच्या प्लास्टिकचं काय होतं, हे तुम्हाला सांगायला नको. आमच्या माळ्यावर बाबांचा जुना संगणक होता, स्पेक्ट्रम प्लस. ब्रिटनच्या सिंक्लेअर कंपनीनं तो १९८४ साली काढला आणि पुढे पुण्याच्या डेसीबेल्स इलेक्ट्रॉनिक्सनं परवाना घेऊन आपल्याकडे विकला. तो टीव्हीला जोडायचा आणि टेपरेकॉर्डरवरून त्यात प्रोग्रॅम भरायचा.

बाबा गेल्यावर त्यांच्या अक्षरातली एक कॅसेट सापडली, 'मुलांचे पाढे'. ती चालवायला 'लोड' हा हुकूम हवा. या यंत्रात त्यासाठी 'जे' ही एकच कळ दाबायची आणि शेवटी 'एंटर'. नेमक्या या दोन्ही कळा मुक्या!

मी घाईनं यंत्र उघडलं आणि कळफलकाची पट्टी ओढली. उन्हानं आणि वयानं कडक झालेली ती पट्टी पापडासारखी तुटली.

तुकडे घेऊन सीताबर्डीला एका दुरुस्तीवाल्याकडे गेलो. त्यानं पहिला प्रश्न केला, "भाऊ, कोणकोणती बटनं बंद होती, लिहून ठेवलं काय?"

मी आठवून सांगितलं : एच, जे, के, एल आणि एंटर. तो हसला. मग त्यानं समजावलं. या कळफलकात प्रत्येक कळीखाली वेगळं बटण नसतं. प्लास्टिकच्या पातळ पापुद्र्यांवर वाहक शाईच्या रेषा छापलेल्या असतात. कळ दाबली की दोन रेषा एकमेकींना टेकतात. आठ आणि पाच, अशा तेरा रेषांतून चाळीस जोड्या होतात. एकच कळ बंद असेल, तर दोष तिच्याखालच्या जागेत. शेजारच्या पाचही एकदम गेल्या, तर त्यांची सामाईक रेषा तुटलेली. ती बहुधा पट्टीच्या टोकाशीच तुटते. लांबी पुरेशी असेल, तर भेगाळलेलं टोक किंचित कापून पट्टी पुन्हा बसवता येते. मी ती संधीच घालवली होती.

सुदैवानं असे पापुद्रे परदेशात आजही नव्यानं तयार होतात. टपालानं मागवला, बसवला. 'जे' दाबलं, 'एंटर' दाबलं, टेप सुरू केली. टीव्हीच्या कडेला निळे-पिवळे पट्टे धावू लागले आणि थोड्या वेळानं बाबांचा प्रश्न उमटला : सात सत्ते किती?

तुमच्याही माळ्यावर असं यंत्र असेल, तर उघडण्यापूर्वी बंद कळांची यादी करा. आणि कॅसेटची प्रत आजच काढून ठेवा. कळफलक नवा मिळतो. बाबांनी लिहिलेला प्रोग्रॅम मिळत नाही.