हाडांचे चिमुकले मुकादम

तुंगार्लीच्या धरणाचा चढ चढताना गुडघे कुरकुरले, की वयाची आठवण होते. पण हाड काही निर्जीव दगड नव्हे. जुने मोडून नवे बांधण्याचे काम तिथे जन्मभर चालते. त्यावर देखरेख करणाऱ्यांत असतात मायक्रोआरएनए, जेमतेम २२ घटकांचे धागे. जनुकाचा निरोप ते वेळीच अडवतात. १९९३ साली ते एका सूक्ष्म कृमीत सापडले. त्यासाठी व्हिक्टर अँब्रोस आणि गॅरी रुवकन यांना २०२४चे नोबेल मिळाले.

यांच्या एका समूहाची एक प्रत हरवली, तरी माणसाची उंची कमी राहते, बोटे आखूड होतात, हे २०११मध्ये कळले. ‘१४०’ क्रमांकाचा धागा नसलेल्या उंदरांचे सांधे लवकर झिजतात. यावरचे औषध अजून दवाखान्यात आलेले नाही. तोवर वजन आवरावे, चालत राहावे. गुडघे आपलेच आहेत!