संबळाचा ठेका आणि संगणकीय लय

छत्रपती संभाजीनगर आणि एकूणच मराठवाड्यात गोंधळाला साथ करणाऱ्या संबळाचा लूप, म्हणजे पुन्हापुन्हा फिरवायचा ध्वनिमुद्रित तुकडा, सॉफ्टवेअरमध्ये वापरताना लयबदलाचा प्रश्न उभा राहतो. मिनिटाला 120 मात्रांच्या लयीत 8 मात्रांचा ठेका 4 सेकंदांत संपतो. तोच 96 मात्रांच्या लयीत बसवायचा, तर 5 सेकंद भरावे लागतात. स्वीडनच्या प्रोपेलरहेड कंपनीच्या 1994 मधील ‘रिसायकल’ने रूढ केलेल्या बीट स्लायसिंगमध्ये, आवाजाची पातळी जेथे एकाएकी उसळते तेथे आघात ओळखून तुकडे पाडले जातात आणि नव्या लयीनुसार दूर किंवा जवळ मांडले जातात. त्यामुळे काठीच्या आघाताची धार शाबूत राहते. मात्र लय उतरवताना फटी पडतात आणि खर्ज अंगाचा घुमारा मध्येच तुटतो. याउलट टाइम-स्ट्रेचिंगच्या एका प्रचलित पद्धतीत ध्वनीचे एकमेकांवर चढणारे अतिसूक्ष्म खंड करून, स्वर न बदलता, त्याचा कालावधी वाढवला जातो. घुमारा अखंड राहतो, पण आघात बोथट होतो. गोंधळात झील धरणाऱ्यांच्या, म्हणजे मुख्य गायकामागून सूर धरणाऱ्या साथीदारांच्या, आवाजासाठी हीच रीत योग्य आहे. संबळासाठी मात्र स्लायसिंगच श्रेयस्कर ठरते, फक्त वादकाच्या हातातील किंचित मागेपुढेपणा, जो त्या ठेक्याचा खरा प्राण आहे, तो काटेकोर मात्रांवर ओढून नष्ट करू नये.