खाडीकाठची राखण

कल्याणहून ठाण्यास येताना मुंब्र्याजवळ गाडीतून खाडी दिसते. काठची तिवरे पुष्कळांस पडीक रान वाटतात. वास्तविक कोळंबीची आणि चिंबोरीची पिले तेथेच वाढतात. भरतीचा जोरही तेथेच मोडतो.

१९९१ च्या किनारा नियमन अधिसूचनेने या पट्ट्यास संरक्षण दिले. २००५ साली मुंबई उच्च न्यायालयाने कांदळवन तोडण्यास मनाई केली व शासकीय जमिनीवरील कांदळवने वनखात्याकडे सोपविण्यास सांगितले. २०१२ मध्ये त्या खात्यात स्वतंत्र कांदळवन कक्ष स्थापन झाला. २०१५ मध्ये ठाणे खाडीचे सुमारे १७ चौरस किलोमीटर क्षेत्र फ्लेमिंगो अभयारण्य झाले आणि २०२२ मध्ये ही खाडी रामसर यादीत आली. रोहित पक्ष्यांचे कौतुक सर्वांनाच आहे. चिखलातील निवटीचे कोणास?

परंतु अभयारण्याची सीमा डोंबिवली-कल्याणकडील उल्हास खाडीच्या काठापर्यंत पोहोचत नाही. तेथे रात्री भराव पडला, तर प्रथम पाहतो तो गावकरी, वनरक्षक नव्हे. सरपंचांनी व तलाठ्यांनी सर्व्हे क्रमांक नोंदवून तहसीलदार आणि वनखाते या दोघांसही त्याच दिवशी कळवावे. पंचनामा पुढच्या भरतीपूर्वी व्हावा. नंतर चाकांच्या खुणा राहत नाहीत.