गाडीतील शस्त्र

२०२३ साली महाराष्ट्र केसरीची गदा जिंकणारा मोहोळचा मल्ल सिकंदर शेख यास ऑक्टोबर २०२५ मध्ये पंजाब पोलिसांनी बेकायदा शस्त्रपुरवठ्याच्या आरोपावरून अटक केली. पिस्तुलांबरोबर मोटारीही जप्त झाल्या. पुढे त्यास जामीन मिळाला. आरोप म्हणजे दोषसिद्धी नव्हे. तथापि एक प्रश्न उरतो : मोटारीत सापडलेले शस्त्र कोणाचे मानावे?

समजा, झाशीहून कानपूरकडे निघालेली मोटार मोठपाशी थांबविली गेली आणि आसनाखाली विनापरवाना पिस्तूल आढळले. १९५९ च्या शस्त्र कायद्यात २०१९ साली सुधारणा झाल्यापासून अशा गुन्ह्यास सामान्यतः दोन ते पाच वर्षांची कैद आहे. परंतु केवळ गाडीत बसल्याने कोणी अपराधी ठरत नाही. गुणवंतलाल खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९७२ साली स्पष्ट केले की, ताबा जाणतेपणी असला पाहिजे. मात्र जाणीव आणि नियंत्रण असेल, तर शस्त्र अंगावर नसतानाही ताबा सिद्ध होतो.

हा भेद न्यायालय सावकाश तपासते. लोकमत तितका धीर धरीत नाही. आखाड्यात मिळविलेले नाव अटकेच्या एका वार्तेने डागाळते. निर्दोष सुटणाऱ्यासही ते पुन्हा उजळण्यास वर्षे लागतात. म्हणून निकालापूर्वी निवाडा न करणे, हे प्रेक्षकांचेही कर्तव्य होय.